चिकटपणा वजा जाता

आत्याने पेन माझ्या हातावर ठेवलं तेव्हा ती तक्रार करायला आली नव्हती. "रिफिल संपलीय गं, बदलून दे," एवढंच म्हणाली. उघडायला म्हणून मी ते उजेडात धरलं आणि रिफिलचं विसरूनच गेले. शिसवीचं पेन. आठ महिन्यांपूर्वी मीच लेथवर कातलेलं, चपड्याचं पॉलिश करून चमकवलेलं. त्या चमकीवर आता तीन जागा मंद पडल्या होत्या. एक अंगठ्याची, एक तर्जनीची आणि एक मधल्या बोटाच्या पेराची, जिथे पेन टेकतं तिथली. आत्या रोज पहाटे लिहायला बसते. पानंच्या पानं लिहिते. तिच्या बोटांनी माझं पॉलिश हळूहळू खाल्लं होतं.

मला वाईट वाटलं. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. पेन कातताना टोकाकडच्या भागात लाकडाची एक बारीक चीर उघडली होती, केसाएवढी. तिच्यात मी सुपरग्लूचा थेंब सोडला होता आणि वाळल्यावर घासून सपाट केला होता. ती चीर नेमकी अंगठ्याच्या जागेतून जात होती. आजूबाजूचं सगळं मंद, आणि मधून ती एक रेघ लख्ख. आठ महिने तोच घाम, तीच ऊब, तोच अंगठा. पॉलिश गेलं होतं, रेघ होती तशीच होती.

सुपरग्लूचं फिनिश देतात हे मला तोवर ऐकून ठाऊक होतं. इतरांनी केलेली तशी पेनं हातात घेऊनही पाहिली होती आणि नाक मुरडून परत ठेवली होती. लाकडावर गोंद फासायचा, हा विचारच मला सोसत नव्हता. त्या रेघेने माझं मत एका क्षणात बदललं असं म्हणणार नाही. पण त्या रात्री मी ते पेन पुन्हा पॉलिश केलं नाही. तसंच ठेवून दिलं, आणि आत्यासाठी शिसवीचा दुसरा तुकडा काढला.

ज्या काकांनी मला कातकाम शिकवलं त्यांचा हात चपड्यावर बसलेला होता. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर सोडलेली राळ गोळा करून, वितळवून, गाळून तिचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाचा बोळा करायचा आणि लेथवर फिरणाऱ्या लाकडाला तो हलकेच टेकवायचा. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. बोळा मधेच ओढ घेतो, लाकडाला धरू बघतो. अशा वेळी त्याला जवसाच्या तेलाचं बोट लावायचं, की तो पुन्हा लोण्यावरून फिरल्यासारखा फिरतो. "पॉलिश चढवायचं नसतं, जिरवायचं असतं," असं काका म्हणायचे. हे तेलाचं बोट लक्षात असू द्या, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

चपड्याचा मोठा गुण असा की तो वाळला तरी पुन्हा विरघळतो. दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी वरून स्पिरिटचा बोळा फिरवला की जुना थर नव्याशी एकजीव होतो. त्याचं दुखणंही हेच. पाण्याने तो पांढरा पडतो, अल्कोहोलने सुटतो, उबेने मऊ होतो. टेबलाच्या पायाला याचं काही नाही, कारण टेबलाचा पाय कोणी दोन दोन तास तीन बोटांत धरून बसत नाही. पेनाचं तसं नाही. लाकडाच्या सगळ्या वस्तूंमध्ये माणसाच्या कातडीशी इतका वेळ, इतक्या थोड्या जागेवर घासली जाणारी वस्तू मला दुसरी आठवत नाही. म्हणून लाकूड कातणाऱ्यांमध्ये नवं फिनिश शोधायची गरज पेनवाल्यांना सगळ्यात आधी पडली असावी, आणि सुपरग्लू त्यांच्याच लेथवर सगळ्यात जास्त रुजला.

पण तो तिथवर पोचायच्या आधी बराच फिरून आला होता.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ च्या सुमारास अमेरिकेत ईस्टमन कोडॅक या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमपट्टीसाठी स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हॅरी कूवर हे त्या कामातलं नाव. या शोधात त्यांनी सायनोॲक्रिलेट नावाच्या रसायनांना, म्हणजे आपण ज्याला आज सुपरग्लू म्हणतो त्याला, हात घातला आणि ताबडतोब काढून घेतला, कारण ते ज्याला लागेल त्याला चिकटत होतं. भांड्यांना, उपकरणांना, सगळ्यांना. पारदर्शक वस्तू घडवायची तर ती साच्यातून सुटायला हवी. हे सुटेना. बाजूला ठेवलं गेलं.

नऊ वर्षांनी, १९५१ मध्ये, कूवर टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला ईस्टमनच्याच कारखान्यात होते. आता जेट विमानं आली होती आणि वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक छतासाठी उष्णता सोसणारं ॲक्रिलेट प्लास्टिक हवं होतं. तीच जुनी रसायनं पुन्हा बाहेर निघाली. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी सायनोॲक्रिलेटचा एक पातळ थर वक्रीभवनमापकाच्या, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो हे मोजणाऱ्या उपकरणाच्या, दोन प्रिझममध्ये ठेवला. मोजून झालं आणि प्रिझम उघडेचनात. महागडं उपकरण निकामी झालं, आता काय होणार, या चिंतेत जॉयनर होते. कूवर यांना मात्र त्या बंद प्रिझममध्ये नऊ वर्षांपूर्वी निसटलेली गोष्ट दिसली. उष्णता लागली नाही, दाब लागला नाही, आणि काच काचेला धरून बसली.

यानंतरचं बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. १९५६ मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये 'ईस्टमन ९१०' या नावाने गोंद विक्रीला आला. १९५९ मध्ये कूवर अमेरिकेतल्या दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात गेले आणि एका थेंबाने जोडलेल्या लोखंडी जोडाच्या आधारावर त्यांनी सूत्रसंचालक गॅरी मूर यांना जमिनीवरून उचलून दाखवलं. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला हाच पदार्थ फवारला गेला, आणि पुढे शरीराला अधिक मानवणारं त्याचं भावंड कातडीच्या जखमा जोडायला वापरण्याची परवानगी १९९८ मध्ये अमेरिकेत मिळाली. कूवर यांना २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक मिळालं. पुढच्याच वर्षी, ९४ व्या वर्षी, ते वारले.

ही गोष्ट सांगताना सगळे जण 'अपघाताने लागलेला शोध' म्हणून सांगतात आणि चिकटण्याशी थांबतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच अडकलं. दोन्ही वेळा या माणसांना हवं काय होतं? १९४२ मध्ये ज्यातून नेम धरता येईल असं काही. १९५१ मध्ये ज्यातून वैमानिकाला आकाश दिसेल असं काही. दोन्ही वेळा शोध चालला होता तो आरपार दिसणाऱ्या, कडक, काचेसारख्या पदार्थाचा. तो त्यांना सापडलाही होता. चिकटपणा मधे आला आणि त्यानेच बाजी मारली, इतकी की पारदर्शकपणाचं कोणी नावही घेईना. दोन तुकड्यांच्या मध्ये दाबल्या गेलेल्या गोंदाचा पारदर्शकपणा बघणार तरी कोण?

लाकूड कातणाऱ्यांनी काय केलं, तर दुसरा तुकडा काढून घेतला. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. ज्याला दुसरी बाजूच नाही असा गोंद. मग त्याच्या चिकटण्याला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि जे पहिल्यापासून हवं होतं तेच मागे राहिलं, आरपार दिसणारा कडक थर. चिकटपणा वजा जाता जी बाकी उरली, तिच्यासाठीच तर मुळात हे सगळं सुरू झालं होतं. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि तो वक्रीभवनमापक! जॉयनर त्या दिवशी जो आकडा मोजत होते, तोच आकडा पेन चमकतं त्याचं कारण आहे. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश किती वाकतो हे तो आकडा सांगतो. हवेचा जवळपास १, लाकडाच्या तंतूंचा साधारण दीड. या दोहोंत अंतर एवढं की कोरड्या लाकडाच्या हजारो उघड्या नळ्यांवर आणि तुटक्या तंतूंवर आदळून प्रकाश सैरावैरा उधळतो आणि लाकूड भुरकट दिसतं. त्या नळ्यांमध्ये हवेऐवजी दीडच्या आसपासचा आकडा असलेलं काही भरलं की प्रकाश आत उतरतो, खालच्या नसांवरून परततो आणि लाकडाला खोली येते. पेन बोटांत फिरवलं की नसांमधून उजेडाची लाट सरकते. पाण्यानेही हे होतं, तेलानेही होतं. म्हणून तर घासलेल्या लाकडाला ओला हात लागला की ते क्षणभर किती देखणं दिसतं. सुपरग्लू त्या क्षणाला तसाच धरून ठेवतो.

कडक होण्याची त्याची रीतही निराळी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि सावकाश, दिवसच्या दिवस घेऊन घट्ट होतं. चपडा आपलं स्पिरिट देऊन टाकतो. सुपरग्लूला लागते ओल, आणि तीही अगदी नावापुरती. बाटलीत असतात ते सुटे सुटे रेणू. त्यांच्यावर एका बाजूने सायनो गट आणि दुसऱ्या बाजूने एस्टर गट इलेक्ट्रॉन ओढत असतात, त्यामुळे ते जोडलं जायला टपलेलेच असतात. पृष्ठभागावरच्या ओलाव्याने पहिल्या रेणूला धक्का दिला की तो दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि साखळी लांबत जाते. बाटलीत ही साखळी सुरू होऊ नये म्हणून किंचित आम्ल घातलेलं असतं. लाकडावर थर पसरला की तो पातळ होतो, ओल सगळीकडून भेटते, आम्लाचा जोर संपतो आणि काही सेकंदांत सारं कडक. वाळलेलं म्हणून आपण वापरतो त्या लाकडातही वजनाच्या ८ ते १२ टक्के पाणी असतं. झाड तोडून कित्येक वर्षं झालेली असली तरी. त्याच्या अंगात उरलेली ही ओलच त्याच्यावरचं कवच घट्ट करायला हातभार लावते, हे कळल्यापासून लाकूड हातात घेताना मला ते थोडं जिवंत वाटतं.

लेथपर्यंत हा गोंद आला तो फिनिश म्हणून नव्हे. आधी खेळण्यातली विमानं उडवणाऱ्यांनी त्याला आपलंसं केलं. बाल्सा हे लाकूड इतकं हलकं आणि सच्छिद्र की पाण्यासारखा पातळ सुपरग्लू त्यात क्षणात झिरपतो आणि मऊ पट्टी टणक होते. गिटार घडवणाऱ्यांनी वाद्याच्या लॅकरवर पडलेले खड्डे थेंबाथेंबाने भरून, खरवडून, चमकवून काढले. लाकूड कातणाऱ्यांनी चिरा भरल्या. बुरशीने सुंदर काळ्या रेघा उमटलेलं पण आतून भुसभुशीत झालेलं लाकूड कातताना फाटू नये म्हणून त्याला गोंद पाजला. छंद म्हणून लाकूड कातणाऱ्यांची संख्या गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत खूप वाढली. अमेरिकेतली त्यांची संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली. याच काळात क्लिप, टोक, रिफिल असा सगळा धातूचा संच तयार मिळू लागला आणि पेन कातणं घरोघरच्या लेथवर आलं.

पेन कसं करतात हे एकदा पाहिलं की पुढचं आपोआप उमगतं. लाकडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यात लांबीच्या दिशेने सरळ भोक पाडायचं, बारीक पेनासाठी ७ मिलिमीटरचं. त्यात पितळेची नळी बसवायची. लाकूड तिच्याभोवती कातत कातत दीड-दोन मिलिमीटर जाडीचं ठेवायचं. नळी लाकडात कशाने बसवतात? बहुतेकदा सुपरग्लूने. म्हणजे बाटली लेथशेजारी उघडीच आहे. लाकूड कातताना चीर दिसते, हात बाटलीकडे जातो. चीर भरून घासली की तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा झळकतो, आणि चपड्याचा बोळा त्यावरून निसटून जातो, धरतच नाही. आता हा डाग घालवायचा कसा? एक तर चीर खरवडून काढा. नाही तर सगळंच तसं करा.

या फिनिशला मी कोणा एका माणसाचं नाव जोडणार नाही. माझ्या आत्याच्या पेनावर जी रेघ मला दिसली, ती अनेक लेथवर, अनेकांना, आपापल्या दिव्याखाली दिसली असणार असं माझं मत आहे. पेटंटच्या कागदावर येतील अशा गोष्टी वेगळ्या. ही डाग लपवता लपवता वाढलेली रीत आहे.

आणि आता ते तेलाचं बोट. सुपरग्लू लावण्याच्या जुन्या पद्धतींमध्ये एक अशी आहे की घडी केलेल्या कागदावर आधी जवसाचं तेल घ्यायचं, मग त्यावर गोंदाचे थेंब, आणि फिरत्या लाकडावरून कागद इकडून तिकडे न थांबता न्यायचा. तेलामुळे कागद लाकडाला धरत नाही आणि थर सपाट पडतो. पहिल्यांदा ही पद्धत करून पाहिली तेव्हा माझा हात आपण होऊन काकांसारखा फिरू लागला. तीच घडी, तोच टेकवण्याचा हलकेपणा, ओढ लागली की तेल. किंग्जपोर्टच्या प्रयोगशाळेतून द्रव आला, पण तो लाकडावर कसा न्यायचा ही विद्या चपड्याच्या बोळ्याकडून आली. गोंद नवा होता, हात जुनाच होता. हे लक्षात आलं तेव्हा माझा विरोध निम्मा ओसरला.

उरलेला निम्मा ओसरायला वेळ लागला, कारण पहिली चार-पाच पेनं बिघडली. बोळा म्हणजे सुती कापड, हे इतकं डोक्यात बसलेलं की मी पहिल्या दिवशी जुन्या सुती कापडाचाच तुकडा घेतला. थेंब पडले आणि कापड बोटांत एकदम तापलं, धूर निघाला. मी ते फेकलं म्हणून बोट वाचलं. कापसाच्या तंतूंचा पसारा मोठा आणि त्यात ओलही असते, त्यामुळे सगळे रेणू एकदम जोडले जातात आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. कागदाचा टॉवेल जाड घडी करून घ्यायचा. कागदही तापतो, पण कापसासारखा अंगावर येत नाही. ज्यांना हे करून पाहायचंय त्यांनी एवढं नक्की लक्षात ठेवावं. वाफेचंही तसंच. ती डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, म्हणून चष्मा, चांगला मास्क आणि उघडी खिडकी हवीच. बोटं चिकटली तर ओढू नयेत, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत.

दुसरं पेन धुरकट झालं. गोंद लवकर वाळावा म्हणून फवारतात ते रसायन मी जवळून आणि भरपूर मारलं होतं. थराला वरून एकदम घट्टी आली, आत बुडबुडे अडकले आणि सगळ्या अंगावर पांढरी झाक राहिली. तिसऱ्याच्या बाबतीत लाकूडच आडवं आलं. शिसव तेलकट असते, आधी ॲसिटोनने पुसली नाही तर थर धरत नाही. चौथं घासताना एका कडेला लाकडापर्यंत पोचले. पाचव्याला लेथच्या धातूच्या कड्याच चिकटल्या आणि सोडवताना टोकाला टवका गेला. तेव्हापासून कड्यांना मेण लावते.

आता माझी रीत ठरून गेली आहे. लेथ मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांवर. आधी पाण्यासारख्या पातळ गोंदाचे दोन हात, ते लाकडात मुरतात. मग मध्यम दाट गोंदाचे सात-आठ, एकेक पातळ, मधे वाट पाहून. फवारा शक्यतो नाहीच. मग लेथ बंद करून लांबीच्या दिशेने घासणं, आणि शेवटी १५०० पासून १२००० नंबरपर्यंतच्या पॅडनी, पाणी लावून, एकेक नंबर न गाळता. घासताना आधी सगळी चमक जाते. राखेसारखं मंद अंग होतं आणि वाटतं, संपलं सगळं. मग चार हजारांच्या पुढे कुठेतरी लाकूड खालून वर येऊ लागतं. एखाद्या तळ्याचा गढूळपणा बसावा तसं. ते बघायला मी आजही दिवा जवळ ओढते.

एक दिवस त्या दिव्याखालीच आणखी काही दिसलं. लेथवर मी पारदर्शक प्लास्टिकची ढाल लावली आहे. तिच्यावर आतल्या बाजूने एक पांढरा अंगठा उमटला होता. एकेक रेषा, एकेक वळण स्पष्ट. माझाच अंगठा, कधीतरी ढाल सरकवताना टेकलेला. गोंदाची वाफ हवेत तरंगत जाते आणि बोटाच्या ठशात राहिलेल्या घामाच्या अंशावर जाऊन घट्ट होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या गुन्हे तपासणाऱ्यांनी हे हेरलं आणि आज जगभर न दिसणारे ठसे असेच उठवतात. मला त्या वेळी आठवली ती आत्याच्या पेनावरची तीन बोटं. चपड्याने तिची बोटं स्वतः झिजून टिपली होती. गोंद बोटं टिपतो, पण कुठेतरी भलतीकडे, आणि ज्या वस्तूवर तो चढतो तिच्यावर मात्र काहीच उमटू देत नाही.

काकांना मी चांगलं जमलेलं पहिलं पेन दाखवायला नेलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं, आडवं धरलं, फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काम स्वच्छ आहे. कुठे लाट नाही." आणि डोळे मिटून अंगठा त्यावरून पुढे-मागे नेला. "पण लाकूड कुठाय यात? डोळ्याला आहे. हाताला नाही."

मी वाद घातला नाही, कारण ते खरं आहे. मोठ्या वाडग्याला, फुलदाणीला मी आजही तेल किंवा चपडाच लावते. तिथे लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, तो कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही आणि तडकू शकतो. शिवाय वाडगा कवेत घेतल्यावर हाताला लाकूडच लागलं पाहिजे. पण पेन वेगळं. दोन मिलिमीटरचं ते पातळ लाकूड पितळेच्या नळीला धरून असतं, त्याला हलायला जागाच नसते, आणि कातडीशी त्याची रोजची झटापट. तिथे मी काकांचं ऐकत नाही. त्यांच्या म्हणण्याला मात्र माझ्याकडे आजवर उत्तर नाही.

आत्याला नवं पेन दिलं त्याला चार वर्षं होऊन गेली. मधे दोन-चारदा ती रिफिलसाठी आली, आणि दर वेळी मी पेन आधी उजेडात धरलं. काल परवा आली तेव्हाही धरलं. शिसवीच्या काळ्या रेघा जांभळट उजेडासकट जशाच्या तशा होत्या. अंगठ्याची जागा शोधली, तर्जनीची शोधली. चार वर्षांचं लिखाण त्या पेनातून गेलं होतं आणि अंगावर त्याची कसलीच खूण नव्हती. मला समाधान वाटायला हवं होतं आणि ते वाटलंही.

"आधीचं पेन काय केलंस गं? मोडीत काढलंस?" आत्याने विचारलं.

"नाही. खणात आहे. तसंच ठेवलंय."

"बघू."

मी काढून दिलं. तिने ते उचललं, आणि न बघता तिची तीन बोटं त्या तीन मंद जागांवर जाऊन बसली. अंगठा त्या लख्ख रेघेवर आडवा पडला. तिने समोरच्या वहीच्या कोपऱ्यात एक ओळ ओढायचा प्रयत्न केला, पण आतली रिफिल कधीच वाळून गेली होती.

"यातच घाल नवी," ती म्हणाली.

मी रिफिल घातली.